साहेब, एक मिनिट!

मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये! हे वाक्य लहानपणी ऐकलेलं नाही असा एक मराठी मुलगा किंवा मुलगी दाखवा, पार्टी माझ्याकडून. पाहुणे आलेत, काका गावच्या जमिनीचा किस्सा चौथ्यांदा सांगतायत, आणि यावेळी त्यातली दोन एकर वाढलीयत हे तुमच्या बरोब्बर लक्षात आलंय... तरी गप्प. आईने डोळे वटारले की विषय संपला. हेच ट्रेनिंग घेऊन आपण कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, आणि हेच घेऊन रात्री नऊच्या डिबेटसमोर किंवा हल्ली फोनवरच्या क्लिपसमोर बसतो. नेता बोलतोय, अँकर तोडतोय. नेता पुन्हा सुरू करतो, अँकर पुन्हा तोडतो. आणि आपल्यातलं ते शहाणं मूल कळवळतं... अरे, बोलू तर दे त्यांना!

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पॅन्ट्रीत दोन पार्ट्या. ‘काय उद्धट आहे यार तो’ म्हणणारी एक आणि ‘असाच पाहिजे, सरळ करतो सगळ्यांना’ म्हणणारी दुसरी. गंमत म्हणजे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पक्षाचा नेता खुर्चीत असला की याच दोन पार्ट्या जागा बदलतात. आपल्या नेत्याला तोडलं तर उद्धटपणा, त्यांच्या नेत्याला तोडलं तर निर्भीड पत्रकारिता. म्हणजे मॅनर्सचा प्रश्न आहे असं आपण फक्त म्हणतो.

खरं तर तोडून विचारणं आपल्याला नवीन नाही, बॉस. दर सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये हेच होतं की! तुम्ही सुरू करता, ‘सर, ओव्हरऑल मार्केटमध्ये सेंटिमेंट थोडं...’ आणि सर म्हणतात, ‘आकडा सांग.’ तुम्ही म्हणता, ‘टीमने खूप एफर्ट्स...’ सर म्हणतात, ‘आकडा.’ तुम्हाला राग येतो, अपमान वाटतो, पण सर उद्धट आहेत म्हणून तुम्ही मीटिंग सोडून जात नाही. कारण मनातून माहीत असतं की आकडा सांगायचा नाही म्हणूनच तुम्ही सेंटिमेंटवर बोलत होता.

माझा फंडा एवढाच आहे. मध्येच तोडणं उद्धट की गरजेचं हे आवाजाच्या पट्टीवरून ठरवता येत नाही. दोन गोष्टी बघायच्या. नेता विचारलेला प्रश्न सोडून दुसरीकडे निघालाय का? आणि तोडणाऱ्याकडे मुद्दा आहे, की नुसता आवाज? हे दिल्लीच्या स्टुडिओपेक्षा आपल्या पालघर-बोईसरमध्ये जास्त स्वच्छ दिसतं. कसं ते सांगते.

विरारच्या पुढे ज्यांचं स्टेशन नाही त्यांच्यासाठी थोडा नकाशा. पश्चिम रेल्वेवर पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. बोईसरच्या पश्चिमेला तारापूर एमआयडीसी, समुद्राकडे तारापूर अणुऊर्जा केंद्र, ज्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. एमआयडीसीत केमिकल, औषधं, कापड, स्टील, सगळंच. सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे. हवेला वास असतो, आणि इथल्या पोरांना तो डोळे बांधून ओळखता येतो. अधूनमधून स्फोटही होतात. मार्च २०१८ मध्ये एक मोठा झाला, तिघं गेले. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोळवडे भागातल्या एका कारखान्यात झाला, त्यात आठ जणांचा जीव गेला. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या नातेवाइकांना पाच लाखांची मदत जाहीर केली.

आता अशा प्रसंगी जे होतं ते तुम्ही शंभरदा पाहिलंय. गाड्यांचा ताफा थांबतो. पुढाऱ्याच्या तोंडासमोर सात-आठ चॅनलचे बूम. कुणीतरी विचारतं, ‘साहेब, जबाबदारी कुणाची?’ साहेब म्हणतात, घटना अत्यंत दुर्दैवी आहे, चौकशीचे आदेश दिलेत, दोषींची गय केली जाणार नाही, शासन कुटुंबीयांच्या पाठीशी ठामपणे उभं आहे. चाळीस सेकंद. गाडीचं दार बंद. याला टीव्हीच्या भाषेत बाइट म्हणतात, आणि सगळ्या बुलेटिनला तोच बाइट पुरतो. कुणी मध्ये बोललं नाही. सगळं कसं सभ्य झालं.

आता हाच बाइट एका वाक्याने तोडून बघा.

‘...चौकशीचे आदेश दिलेत...’

‘साहेब, एक मिनिट. मागच्या स्फोटाच्या चौकशीत काय निघालं?’

‘त्याची माहिती घेऊन सांगतो. पण मी काय म्हणत होतो, शासन या कुटुंबांच्या...’

‘साहेब, तो अहवाल आला का एवढंच सांगा.’

‘म्हटलं ना, माहिती घेऊन सांगतो!’

हा संवाद मी रचलाय, पण यात कुणाचाही अपमान झालेला नाही. दोनदा ‘साहेब’ म्हटलंय. आवाजही चढवलेला नाही. तरी एक बातमी हाताला लागली. मागच्या चौकशीचं काय झालं हे पुढच्या चौकशीचे आदेश देणाऱ्याला माहीत नाही! चाळीस सेकंद अखंड बोलू दिलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

शिवाय इथे एक खाचाखोच आहे, ती माहीत असेल तरच तोडता येतं. कारखान्यातली सुरक्षितता बघतं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, ते कामगार खात्याखाली. प्रदूषण बघतं प्रदूषण नियंत्रण मंडळ, ते पर्यावरण खात्याखाली. जमीन, पाणी, रस्ते एमआयडीसीचे, म्हणजे उद्योग खातं. तीन खाती, बहुतेक वेळा तीन मंत्री. प्रत्येकाला उरलेल्या दोघांकडे बोट दाखवायची सोय. एखाद्याने ‘हा विषय संबंधित विभागाचा आहे’ म्हटलं की तिथेच ‘साहेब, संबंधित म्हणजे कुठला? कारण परवाना तर तुमच्याच विभागाचा आहे’ असं विचारावं लागतं. ते विचारायला धाडस थोडं आणि गृहपाठ जास्त लागतो.

समुद्राचंच बघा. मासे मिळेनात म्हणून इथल्या मांगेला मच्छीमारांची समाज परिषद २०१६ मध्ये हरित लवादाकडे गेली. तिथे वर्षानुवर्षं काय चाललं? न्यायमूर्ती विचारतात, समोरचा वकील आडवळणाने जायला लागला की त्याला थांबवतात आणि मूळ प्रश्नावर आणतात. कोर्टात न्यायाधीशांनी वकिलाला तोडलं म्हणून कुणी उद्धट म्हटल्याचं ऐकलंय? तिथे ते कामच समजतात. तोच प्रश्न पत्रकाराने रस्त्यावर विचारला की मात्र संस्कार आठवतात.

आता जरा टीव्हीकडे वळूया, कारण आपल्याला ही सवय लावली टीव्हीने. मराठीत २००७ मध्ये स्टार माझा आला, २००८ मध्ये आयबीएन लोकमत. त्याआधी आपल्याकडे मुलाखत म्हटली की डोळ्यांसमोर यायची ती प्रकट मुलाखत. स्टेजवर दोन खुर्च्या, मध्ये फुलदाणी, समोर रसिक. सुधीर गाडगीळांसारखे मुलाखतकार समोरच्याला असं खुलवायचे की दोन तास कुठे गेले कळायचं नाही. कलावंताला असंच विचारलं पाहिजे, त्यात वादच नाही. प्रॉब्लेम असा झाला की पुढाऱ्यालाही आपण तसंच विचारायला लागलो. ‘राजकारणात कसे आलात’, ‘आईची आठवण सांगा’, ‘फावल्या वेळात काय वाचता’. फावला वेळ!

निखिल वागळेंनी आयबीएन लोकमतवर ‘आजचा सवाल’ सुरू केला आणि घराघरांत भांडणं लागली. हा माणूस थांबायचाच नाही. पाहुण्याने विषय बदलला की परत आणायचा, हात उंचावून, आवाज चढवून. माझ्या ओळखीतल्या अर्ध्या आज्यांना तो उद्धट वाटायचा आणि त्याच आज्या रोज बघायच्या. पण एक विसरू नका. हेच वागळे त्याच चॅनलवर ‘ग्रेट भेट’ करायचे, आणि तिथे समोरच्याला निवांत बोलू द्यायचे. म्हणजे स्वभाव तापट म्हणून तोडायचे असं नाही, खुर्चीत कोण बसलंय ते बघून ठरवायचे. कधीकधी ‘आजचा सवाल’मध्ये प्रश्न उत्तरापेक्षा लांब व्हायचा, हेही खरं. २० नोव्हेंबर २००९ ला शिवसैनिकांनी चॅनलच्या विक्रोळी आणि पुण्याच्या ऑफिसांवर हल्ला केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात वागळेंची गाडी फोडली गेली, यावेळी आरोप भाजपच्या कार्यकर्त्यांवर. पंधरा वर्षांत पक्ष बदलला, उत्तर देण्याची पद्धत तीच. आता सांगा, तोडणं उद्धट की फोडणं?

इंग्रजीत करण थापर. २००४ मध्ये जयललितांच्या मुलाखतीत असे प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी हात मिळवायला नकार दिला. २००७ मध्ये नरेंद्र मोदी, तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री, दंगलींच्या प्रश्नांवर तीनेक मिनिटांत पाणी मागून माइक काढून उठले. तीन मिनिटं! आपला अप्रेझल इंटरव्ह्यूसुद्धा जास्त चालतो. बाहेरच्या जगात या खेळातला सगळ्यात गाजलेला सामना म्हणजे बीबीसीचे जेरेमी पॅक्समन विरुद्ध ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड, मे १९९७. तुरुंग खात्याच्या प्रमुखाला ‘तुझा निर्णय मी फिरवीन’ असा दम दिला होता का, हा एकच प्रश्न पॅक्समननी ओळीने डझनभर वेळा विचारला. हॉवर्ड डझनभर वेळा दुसरंच काहीतरी बोलले. उत्तर मिळालं नाही, पण उत्तर द्यायचं नाही हे अख्ख्या देशाला दिसलं. पुढे पॅक्समननी स्वतःच सांगितलं की पुढची टेप तयार नव्हती म्हणून वेळ काढत होतो! असो. वेळ काढायला का होईना, प्रश्न बरोबर होता.

आपल्याकडे हे अवघड का जातं याचं मला सुचलेलं एक कारण सांगते. आपण पुढाऱ्यांना नात्याने हाक मारतो. साहेब, दादा, ताई, भाई, भाऊ. वसई-विरारकडे अप्पा. इंग्रजी अँकर ‘मिस्टर गांधी’ म्हणतो आणि प्रश्न टाकतो, दोघांमध्ये टेबल असतं. आपण ‘दादा’ म्हटलं की टेबल गेलं, आपण घरात आलो. आणि घरात दादाला उलट विचारलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पुढाऱ्यांनाही हे माहीत आहे, म्हणून त्यांना हाक आवडते.

ऑगस्ट २०१९ ची श्रीरामपूरची पत्रकार परिषद आठवा. राष्ट्रवादी सोडून लोक चाललेत, आता नातेवाईकसुद्धा चाललेत, असा प्रश्न एका पत्रकाराने शरद पवारांना केला. पवारांसारखा पन्नास वर्षं प्रश्न झेललेला माणूस संतापून उठला. नात्यांचा इथे काय संबंध, ही सभ्यता नाही, असा त्यांचा सूर. मला विचाराल तर प्रश्न सभ्यच होता. ज्या राजकारणात तिकिटं नात्याने दिली जातात तिथे नातं सोडून गेलं तर त्याबद्दल विचारणारच ना! त्याआधी एप्रिल २०१४ मध्ये लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरेंनी अर्णब गोस्वामी आणि राजदीप सरदेसाई अशा दोघांनाही मुलाखतीतच झापलं होतं. आपण टाळ्या वाजवल्या, कारण आपल्या माणसाने दिल्लीवाल्यांना सुनावलं. टाळ्यांच्या आवाजात मूळ प्रश्न काय होते ते आज किती जणांना आठवतंय?

मग पुढाऱ्यांनी त्यावर सोपा उपाय काढला. घरचाच मुलाखतकार! ‘सामना’त संजय राऊत मुलाखत घेणार आणि उद्धव ठाकरे देणार, म्हणजे पक्षाच्या पेपरात पक्षाचा खासदार पक्षप्रमुखाला विचारणार. २०१९ च्या निवडणुकीत अक्षयकुमारने पंतप्रधानांना आंबा कसा खाता ते विचारलं, मुलाखतीचं नावच ‘अराजकीय’. दोन्हीकडे कुणी कुणाला तोडलं नाही. अर्थात गोड मुलाखतीत कधीच काही निघत नाही असंही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात राज ठाकरेंनी पवारांची जाहीर मुलाखत घेतली, सगळा मामला हसतखेळत, आणि त्यातच पवारांनी आरक्षण आर्थिक निकषावर असावं असं म्हणून दुसऱ्या दिवशीचे मथळे दिले. पण तिथे बोलायचं ते पवारांनी ठरवलं होतं. जे बोलायचं नाही ते काढायला दुसरी पद्धत लागते. जानेवारी २०१४ मध्ये राहुल गांधी प्रत्येक प्रश्नाला महिला सक्षमीकरण आणि माहितीच्या अधिकारावर नेत होते. १९८४ च्या दंगलींवर त्यांना पुन्हा पुन्हा आणलं गेलं तेव्हा कुठे काही काँग्रेसवाले बहुधा सामील होते, असं त्यांच्या तोंडून आलं. त्या दिवशीचे अर्णब गोस्वामी मला मुलाखतकार म्हणून आवडले होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्यांचा संबंध पालघरशी येतो.

त्याआधी पालघरचीच एक वेगळी गोष्ट. १८ नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरेंच्या अंत्ययात्रेचा दिवस. मुंबई आणि आजूबाजूचं सगळं बंद. पालघरमधल्या एका मुलीने फेसबुकवर बंद कशासाठी अशा अर्थाचं लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड. पंधरा हजारांच्या जामिनावर सुटका. कुणी म्हणेल, वेळ चुकली, दुःखात असं लिहू नये. ठीक आहे, म्हणा. शेजारच्या काकूंनी ‘आज नको होतं लिहायला’ म्हणावं, तिथे विषय संपावा. इथे मॅनर्सची तक्रार थेट पोलीस ठाण्यात गेली. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हा मागे पडला, आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं ६६अ कलमच रद्द केलं. त्या खटल्यामागे पालघरची ही अटक होती. कुठल्याही स्टुडिओत न बसलेल्या दोन मुलींनी मोठी माणसं बोलत असताना मध्ये एक प्रश्न टाकला होता, एवढंच.

आणि मग १६ एप्रिल २०२०. लॉकडाऊनची रात्र, गडचिंचले. हे गाव डहाणू तालुक्यात, दादरा-नगर हवेलीच्या सीमेवर, पालघर शहरापासून बरंच लांब. पण देशाने नाव लक्षात ठेवलं ते पालघर. मुलं चोरणारी टोळी फिरतेय अशी अफवा, आणि जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला पोलिसांच्या देखत ठार मारलं. टीव्हीवर आग लागली. अर्णब गोस्वामींनी रिपब्लिकवर थेट सोनिया गांधींना उद्देशून, त्यांचं माहेरचं नाव घेऊन, गप्प का, असा ओरडा केला. वेगवेगळ्या राज्यांत गुन्हे दाखल झाले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. गृहमंत्र्यांनी पकडलेल्या १०१ जणांची नावं जाहीर केली, त्यात एकही मुसलमान नाही हे सांगायला.

‘बघा, असे प्रश्न विचारले पाहिजेत’ म्हणणारे माझ्या ऑफिसातही होते. माझं म्हणणं उलट आहे, त्या रात्री प्रश्न विचारलाच गेला नाही. जी बाई स्टुडिओत नाही, फोनवर नाही, जिच्याकडे गृहखातं नाही, तिच्यावर ओरडण्यात कसला कडकपणा? तिला तोडायची वेळच येत नाही, कारण ती बोलतच नाहीये! ज्यांना तोडून विचारायला हवं होतं ते मुंबईत आणि पालघरात होते. आणि प्रश्न हाताशी होता. दोनच दिवस आधी त्याच भागात एका डॉक्टरांच्या गाडीवर असाच जमाव चालून गेला होता. म्हणजे अफवा पसरलीय, जमाव जमतोय, हे प्रशासनाला कळलेलं होतं. ‘साहेब, १४ ते १६ एप्रिल या दोन दिवसांत तुम्ही गावागावांत काय केलंत?’ हा प्रश्न हळू आवाजात, पंधरा वेळा विचारायला हवा होता. साहेबांनी ‘आम्ही कठोर कारवाई...’ सुरू केलं की थांबवायचं आणि परत दोन दिवस. स्टुडिओत धर्म आला आणि दोन दिवस हरवले. चर्चगेटला उतरणाऱ्या पालघरच्या पोरांना मात्र कित्येक महिने ‘तुमच्या पालघरला...’ ऐकून घ्यावं लागलं.

उलटी बाजूही इथलीच. पक्ष बदलण्यात आपला जिल्हा टॉपला आहे. राजेंद्र गावित काँग्रेसमधून २०१८ च्या पोटनिवडणुकीला भाजपमध्ये, २०१९ ला शिवसेनेत, २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा भाजपमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये शिंदेंच्या शिवसेनेत. प्रत्येक वेळी अशा प्रवेशाला कारण एकच असतं, ‘विकास’. तिथे ‘कुठला, एक काम सांगा’ म्हणून तोडायलाच पाहिजे. पण त्याच ऑक्टोबरमध्ये ज्यांचं तिकीट गावितांना गेलं ते श्रीनिवास वनगा कॅमेऱ्यांसमोर ढसाढसा रडले, मग दीडएक दिवस संपर्काबाहेर होते. त्या माणसाच्या तोंडाजवळ बूम आणखी दोन इंच पुढे सरकवणं याला मी पत्रकारिता म्हणणार नाही. ज्याच्या हातात त्या क्षणी काही उरलेलं नाही त्याला तोडून काय मिळणार? त्यांच्या आमदारकीच्या पाच वर्षांबद्दल विचारायचं होतं ते त्या पाच वर्षांत.

३० ऑगस्ट २०२४ ला तर पंतप्रधान स्वतः पालघरला आले होते, सुमारे ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराच्या पायाभरणीला. चार दिवस आधी मालवणचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला होता. पालघरच्या स्टेजवरून त्यांनी माफी मागितली. मोठी गोष्ट, नाही म्हणत नाही मी. पण ते भाषण होतं. भाषणात कुणी हात वर करून विचारू शकत नाही की पुतळा नऊ महिनेही का टिकला नाही, कुणी तपासला होता. किंवा हे, की डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने जे बंदर १९९८ मध्ये नाकारलं त्याला त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली, तर मधल्या काळात समुद्र बदलला की आराखडा? याला कदाचित चांगलं उत्तर असेलही. पण किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला ते कुणीतरी प्रश्नोत्तरांत द्यायला हवं, हार घालून झाल्यावर नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, मग बोईसरचे पत्रकार का नाही तोडत? कारण वागळे, थापर यांच्यामागे चॅनल होतं, वकील होते, नाव होतं. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे किरकोळ पैसे मिळतात, वर पेपरसाठी जाहिराती आणायच्या असतात. आणि जाहिरात कुणाची? साहेबांच्या वाढदिवसाची. सकाळी ज्यांना प्रश्न विचारायचा, संध्याकाळी त्यांच्याकडेच अर्ध्या पानाच्या शुभेच्छा मागायला जायचं. मोटरसायकलवरून, एकट्याने, अंधारात परतायचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशेंच्या दुचाकीवर गाडी घातली गेली आणि ते गेले. रिफायनरीच्या जमिनींवर लिहीत होते. तेव्हा एसीत बसून ‘हे लोकल पत्रकार काय, नुसते बूम धरतात’ म्हणताना जरा दमानं.

एकट्याला अवघड आहे म्हणून मला एक साधी युक्ती पटते. साहेबांनी एका बूमचा प्रश्न टाळून दुसऱ्या बूमकडे तोंड वळवलं, की दुसऱ्याने स्वतःचा प्रश्न गुंडाळून पहिल्याचाच विचारायचा. तिसऱ्यानेही तोच. कुणीच उद्धट नाही, कुणीच कुणाला तोडलेलं नाही, सगळे ‘साहेब’च म्हणतायत. विरार-डहाणू चौपदरीकरणाला मंजुरी डिसेंबर २०१६ मध्ये मिळाली, आणि तेव्हापासून तारखा पुढेच सरकत आल्यात. डहाणू लोकलच्या दारात लटकणारे सगळेजण तोच प्रश्न रोज विचारतात, फक्त एकमेकांना विचारतात. पुढच्या वेळी कुणी खासदार-आमदार बोईसर स्टेशनवर सरकत्या जिन्याची फीत कापायला आले, तर आठ बूमना आठ प्रश्नांची गरज नाही. महिना आणि वर्ष, एवढंच विचारायचं आहे.